दर शनिवारी रेषेपर्यंत

शनिवार, १२ एप्रिल. पहाटेपासून ढगाळ, वारा नाही. दूध वेळेवर. गाडीची तपासणी ६.५० ला, इंजिन गार असताना. इंजिन ऑइल पट्टीच्या दोन खुणांमध्ये, ठीक. रेडिएटरचे पाणी ठीक. चारही टायरची हवा ठीक, स्टेपनीचीही. ब्रेक ऑइल किंचित खाली, रेषेपर्यंत भरले. बाटली संपली, नवी आणणे. सूनबाई ७.४० ला ठकीला आणायला निघाली. किलोमीटर ६१,२०८. दुपारी दीडपर्यंत यावी.

एवढं लिहून बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि डायरी हातपिशवीत ठेवली.

गल्लीत त्यांना सगळे बाईच म्हणत. शिकवण्याचं काम त्यांनी एक दिवसही केलेलं नव्हतं. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्या एकतीस वर्षं भांडारपाल होत्या. पण चष्म्यावरून बघण्याची त्यांची तऱ्हाच अशी होती, की समोरचा माणूस नकळत शर्टाचं वरचं बटण लावून घ्यायचा. शाळा कॉन्व्हेंटची. तिथल्या सिस्टर फूटपट्टी घेऊन वर्गात फिरायच्या आणि समासाच्या पलीकडे एक अक्षर गेलं तरी पान पुन्हा लिहायला लावायच्या. त्याच शाळेत अकराव्या वर्षी डायरीची सवय लागली आणि बहात्तराव्या वर्षीही ती सुटली नव्हती. मधल्या खोलीतल्या कपाटाचा खालचा कप्पा एकसष्ट डायऱ्यांनी भरलेला होता. कुठल्या साली छप्पर कधी गळलं, मुलाचा पहिला दात कुठल्या वारी पडला, हे विचारायचा अवकाश, बाई गुडघ्यावर हात टेकून कप्प्यासमोर बसत आणि पाच मिनिटांत पान काढून दाखवत.

प्रयोगशाळेत शनिवार हा त्यांचा खास दिवस असे. सोमवारच्या प्रात्यक्षिकांसाठी आम्लांच्या, क्षारांच्या सगळ्या बाटल्या शनिवारी भरून ठेवायच्या. प्रत्येक बाटलीच्या खांद्यावर त्यांनी रंगाने रेष ओढली होती आणि त्या रेषेपर्यंत बाटली भरलीच पाहिजे. अर्धी बाटली दिसली की त्या म्हणायच्या, "ही बाटली नाही, ही कुणाची तरी हयगय आहे."

गाडी नवऱ्याची. फिकट निळी, चार दारांची, त्याने निवृत्तीच्या वर्षी घेतलेली. शनिवारी सकाळी तो बॉनेट उघडून उभा राहायचा आणि बाई शेजारी डायरी घेऊन. तो बघायचा आणि सांगायचा, बाई लिहायच्या. बाईंना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. एकदा शिकायला बसल्या होत्या. रिव्हर्समध्ये फाटकाचा खांब पाडला, त्यावरून नवराबायकोत दोन दिवस अबोला झाला, आणि तिथेच ते शिक्षण संपलं. सुनेला मात्र त्याने हौसेने शिकवलं.

तीन वर्षांपूर्वी तो गेला. त्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी बाई एकट्या फाटकात आल्या. बॉनेटचा खटका कुठे असतो हे सापडायला त्यांना दहा मिनिटं लागली. मग जुनी डायरी समोर धरून त्यांनी एकेक गोष्ट पडताळली. त्याने सांगितलेल्या शेवटच्या नोंदीत होतं, 'ब्रेक ऑइल अर्धं बोट खाली. ठीक.' बाईंनी ते वाचलं, त्या छोट्या पांढऱ्या डबीवरची वरची रेष बघितली, आणि त्यांना ते काही पटेना. अर्धं बोट खाली आणि ठीक? माणूस आजारी होता, राहून गेलं असेल. त्याच दुपारी त्यांनी स्पेअर पार्टच्या दुकानातून लहान बाटली आणली आणि डबी रेषेपर्यंत भरली. तेव्हापासून एकही शनिवार चुकला नव्हता. कधी चार थेंब, कधी काहीच नाही. पण सोमवारी गाडी निघताना रेष गाठलेली.

आज बाटली संपली, म्हणून त्या दहा वाजता मिस्त्रीच्या गॅरेजकडे निघाल्या. ठकीला घरी यायला अजून अवकाश होता. बारा वर्षांची नात घाटावरच्या गावातल्या शाळेच्या वसतिगृहात होती. परीक्षा संपली होती, आजच खोली रिकामी करायची होती. मुलगा कामानिमित्त दूरच्या शहरात, दोन महिन्यांतून एकदा घरी. तेव्हा गाडी घेऊन सूनच गेली होती.

गॅरेज चौकाच्या पलीकडे, लाकडाच्या वखारीला लागून. बाहेर एक स्कूटरवाला खुर्चीवर बसून पाय हलवत होता. मिस्त्री एका गाडीखाली होता. त्याच्या चपला बाहेर दिसत होत्या.

"मिस्त्री, एक ब्रेक ऑइलची बाटली द्या. लहान."

"आलो बाई." तो सरपटत बाहेर आला, हात पुसत उभा राहिला. नवऱ्याच्या वेळेपासूनचा माणूस, आता कानशिलं पांढरी झालेली. "किती दिवसांनी दर्शन! गाडी दोन वर्षं इकडे फिरकली नाही, मला वाटलं विकलीत की काय."

"विकायला काय झालं? काही बिघडतच नाही, तर तुमच्याकडे कशाला आणू? इंजिन ऑइल घराजवळच्या सर्व्हिसवाल्याकडे बदलून घेते, वेळच्या वेळी. बाकी सगळं मी बघते."

"बरोबर. आमच्या पोटावर पाय," मिस्त्री हसला आणि फळीकडे वळला. वळता वळता थांबला. "ब्रेक ऑइल कशाला हवं पण?"

"मागची बाटली संपली."

"संपली म्हणजे? सांडली?"

"मी सांडेन?" बाईंच्या आवाजात एकतीस वर्षांचं भांडार उभं राहिलं. "भरून संपली. तीन वर्षं दर शनिवारी रेषेपर्यंत भरते."

मिस्त्रीचा फळीकडे गेलेला हात तसाच राहिला. "दर शनिवारी भरावं लागतं? गळती आहे का कुठे? चाकाच्या आतून ओल? फरशीवर डाग?"

"एक थेंब नाही. बघते ना मी."

"मग ते जातं कुठे, बाई?"

हा प्रश्न बाईंना तीन वर्षांत कधी पडला नव्हता. आम्लांच्या बाटल्या रिकाम्या व्हायच्या, कारण पोरं वापरायची. गाडीची डबी रिकामी होते, कारण गाडी वापरते. त्यांनी तसं सांगितलं. सांगतानाच ते थोडं पोकळ वाटलं.

मिस्त्रीने स्टूल पुढे ओढलं, पण बसला नाही. "गाडी ब्रेक ऑइल खात नाही. ते आत कोंडलेलं असतं. चाकाला आवळून थांबवणारे पॅड झिजले की त्यांना पुढे ढकलणारा दट्ट्या थोडा बाहेर सरकतो, त्याच्या मागची जागा भरायला वरचं तेल खाली उतरतं. म्हणजे डबीतली पातळी उतरली, की समजायचं खाली पॅड झिजतायत. अगदी खालच्या रेषेवर गेली, की डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. तो दिवा म्हणजे पॅडची हाक." त्याने बोटाने हवेत रेष ओढली. "आणि तुम्ही तीन वर्षं..."

पुढचं सांगायची गरज नव्हती.

"ते म्हणायचे, अर्धं बोट खाली, ठीक," बाई हळूच म्हणाल्या.

"साहेब बरोबर म्हणायचे. ते नुसतं बघायचे."

बाईंनी पिशवीतून डायरी काढली. पान लगेच सापडलं. "थांबा. सूनबाई काहीतरी म्हणाली होती. बावीस मार्च. वाचते. 'सूनबाई म्हणते, ब्रेक दाबला की पुढच्या डावीकडून बारीक शिट्टी येते. पातळी पाहिली. रेषेवर. काही नाही.'" त्यांनी पान उलटलं. "पाच एप्रिल. 'शिट्टी बंद झाली, असे सूनबाई म्हणते.'"

स्वतःच्याच अक्षरातलं हे वाचताना त्यांना वाटलं, दुसऱ्याच कुणाचं तरी वाचतोय.

मिस्त्रीचा चेहरा उतरला. "शिट्टी पॅडमधली पत्री वाजवते, पॅड संपत आले की. ती बंद झाली म्हणजे पत्रीही गेली. आता लोखंडावर लोखंड असणार. गाडी घरी आहे ना?"

"नाही."

"कुठे आहे?"

"घाटावर. ठकीला आणायला गेलीय सून. सामानासकट."

स्कूटरवाल्याने पाय हलवणं थांबवलं.

"जाताना चढ," मिस्त्री स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "चढाला ब्रेक फारसा लागत नाही. पोचली असेल नीट. येताना उतार, आणि गाडी भरलेली. फोन लावा, बाई. खाली उतरू नका म्हणावं."

बाईंनी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. तिसऱ्यांदा लावताना त्यांना आठवलं. गाडीच्या कप्प्याच्या झाकणाला आतून त्यांनीच एक यादी चिकटवली होती, सुवाच्य अक्षरात, नऊ कलमांची. त्यात चौथं कलम होतं: 'गाडी चालवताना फोन डिकीत.' शेजारीसुद्धा नाही, डिकीत. यावरून सुनेने एकदा तोंड वाकडं केलं होतं, पण कलम पाळत होती.

डायरीच्या शेवटच्या पानावर वसतिगृहाचा नंबर होता. तो गुंतलेला. मिस्त्री तोवर फळीवरून खोकी काढत होता. "कुठल्या सालची गाडी?" बाईंनी साल, महिना, चासिस नंबर धडाधड सांगितला. एवढ्या घालमेलीतही तो नंबर चुकला नाही, याचाच त्यांना राग आला. पाचव्या वेळी वसतिगृहाचा फोन लागला.

"ठकीच्या आईंना विचारताय ना?" रेक्टरबाई म्हणाल्या. "अहो, त्या तर निघाल्या. दहा मिनिटं झाली. पोरीने सामान कालच बांधून ठेवलं होतं, लगेच भरलं. चार पेट्या, गादी, सायकलसुद्धा टपावर बांधली."

"कुणाला तरी मागे पाठवा. गाडी थांबवा. ब्रेक गेलेत."

पलीकडे धावपळ ऐकू आली. कुणीतरी फाटकाकडे पळालं. मग रेक्टरबाईंचा आवाज, बराच बारीक झालेला. "गेल्या हो. दिसत नाहीत."

मिस्त्रीने गॅरेजचं शटर खाडकन ओढलं.

"अहो, माझी स्कूटर?" स्कूटरवाला उठला.

"आज चाला," मिस्त्री म्हणाला. "तब्येतीला बरं असतं."

त्याच्या टेम्पोत बाई पुढे बसल्या. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. मागे हौद्यात जॅक, पाने आणि नव्या पॅडचं खोकं खडखडत होतं. सिग्नलला थांबले तेव्हा बाईंनी घड्याळ बघितलं. दहा अठ्ठेचाळीस. घाटमाथा वसतिगृहापासून पाऊण तासावर. म्हणजे सून अजून सपाटीवर असेल. अजून.

"ते तेल," बाई म्हणाल्या. "मी भरत होते ती बाटली तीन वर्षं उघडीच होती. त्याने काही होतं?"

मिस्त्रीने रस्त्यावरून नजर काढली नाही. त्याला सांगायचं नव्हतं, हे बाईंना कळलं.

"सांगा. मी भांडार सांभाळलंय. उघडी बाटली म्हणजे काय, हे मला माहीत असायला हवं होतं."

"ते हवेतली ओल ओढून घेतं. मग लांब उतारावर तापलं, की आत वाफ धरते आणि पायातला ब्रेक मऊ पडतो. खाली खाली जातो." त्याने गिअर बदलला. "पण हँडब्रेक वेगळा असतो बाई, तारेवरचा. आणि गिअर आहे. गिअरात उतरली तर ब्रेक लागतोच किती? तिला माहीत आहे का गिअरात उतरायचं?"

"त्यांनी शिकवलंय. ज्या गिअरात चढलीस त्याच गिअरात उतर, असं सारखं म्हणायचे." बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. "पण तिच्या लक्षात आहे की नाही, कोण जाणे. ती माझ्याशी गाडीबद्दल बोलत नाही. मीच बोलते."

हे खरं होतं. सून शिवणकाम करायची. बाहेरच्या खोलीत दोन मशिनी, दिवसभर कपड्यांचे ढीग. आतल्या खोलीत काम करत असताना बाहेर मशीनवर बसलेल्या मदतनीस बाईला ती भिंतीपलीकडून ओरडून सांगायची, "अगं, सुई बोथट झालीय, बदल." बाईंना या गोष्टीचं नेहमी हसू यायचं. न बघता काय सांगतेस? मोजलंस का? सून म्हणायची, "आई, कापड ओढल्यासारखा आवाज येतो." बाई म्हणायच्या, "आवाज लिहून ठेवता येत नाही." आणि शिट्टीच्या दिवशीही तेच म्हणाल्या होत्या. सून फाटकात उभी होती, हातात किल्ली. "आई, एकदा मिस्त्रीला दाखवू या का?" बाईंनी बॉनेट उघडलं, डबी दाखवली. "बघ. रेषेवर." सुनेने डबीकडे बघितलं, सासूकडे बघितलं, आणि किल्ली खिळ्याला अडकवून आत गेली.

घाट सुरू झाला. वरून उतरणारी प्रत्येक गाडी बाई लांबून निरखू लागल्या. पांढरी. लाल. बस. पुन्हा पांढरी. निळं काहीतरी दिसलं तेव्हा त्या पुढे झुकल्या. ताडपत्रीचा ट्रक होता. कठड्यापलीकडे दरीत झाडांचे शेंडे दिसत होते, आणि बाई तिकडे न बघण्याचा प्रयत्न करत होत्या आणि बघतच होत्या.

एका वळणावर गर्दी दिसली. आठ-दहा माणसं कठड्याला टेकून खाली वाकली होती. एकजण बोटाने खाली काहीतरी दाखवत होता.

"मिस्त्री."

"बघितलं."

त्याने टेम्पो कडेला घातला. बाईंना दार उघडता येईना, खटका हातात येत नव्हता. मिस्त्री उतरून धावत गेला, माणसांमधून डोकं घालून वाकला, आणि लगेच परत आला. "खोकी आहेत. ट्रकमधून खोकी पडलीत, साबणाची. चला."

बाईंनी मान हलवली. पुढची दोन वळणं त्यांना नीट दिसलीच नाहीत. चष्मा पुसला, तरी दिसेना.

बरंच वर, आतल्या बाजूला डोंगर कापून केलेली सपाट मोकळी जागा होती. तिथे फिकट निळी गाडी उभी होती. टपावर सायकल. पुढच्या दोन्ही चाकांसमोर मोठाले दगड. एका पेटीवर ठकी बसली होती आणि पाय हलवत शेंगदाणे खात होती. सून गाडीच्या डाव्या चाकापाशी उकिडवी बसून आत बघत होती.

बाई उतरल्या. चालत गेल्या.

"आजी!" ठकी ओरडली. "तू टेम्पोतून आलीस?"

सून उठून उभी राहिली. "आई? तुम्ही इथे कशा?"

"लागलंय का कुठे? दोघींना?"

"काही नाही. गाडी थांबलीय, मी थांबवलीय." तिने कपाळावरचे केस मागे सारले. हात काळे झाले होते. "पहिल्या उतारावरच कर्र झालं. सुई बोथट होऊन कापड खेचते ना, तसं. एकदा, दोनदा. मग म्हटलं, नाही. दुसरा गिअर टाकला, ब्रेकला पाय लावलाच नाही. ही जागा दिसली तशी पहिल्यात आणून हळूहळू हँडब्रेक ओढला."

"मला वाटलं आपण ट्रेनमध्ये आहोत," ठकी म्हणाली. "इतक्या हळू."

"मग फोन का नाही केलास?" हे बाईंच्या तोंडून निघून गेलं, आणि निघताच त्यांना जीभ चावावीशी वाटली.

सुनेने काळे हात झटकले. "फोन? चौथं कलम. डिकीत आहे. डिकीत गादीखाली, गादीवर दोन पेट्या. सगळं उतरवून काढला, तर इथे रेंज नाही." तिने सामानाच्या ढिगाकडे हात केला. "बस अडवून निरोप पाठवणारच होते."

मिस्त्री चाकात वाकून बघत होता. "हात लावू नका, भाजेल. अर्धा-पाऊण तास गार होऊ दे. मग बघू." त्याने सुनेकडे मान वळवली. "ताई, झकास उतरवलीत. साहेबांची शिष्या."

बाई सुनेसमोर उभ्या होत्या. लिहिताना त्यांना शब्द कधी शोधावे लागत नसत. इथे शोधावे लागले.

"मी भरत होते," त्या म्हणाल्या. "ब्रेकचं तेल. पॅड झिजले की ते उतरतं, आणि उतरलं की दिवा लागतो. मी दर शनिवारी वर भरत होते. दिवा लागूच दिला नाही. तू शिट्टी म्हणालीस तेव्हासुद्धा."

सुनेने पदराने हात पुसला. "मला वाटलं होतं, काहीतरी आहे," ती म्हणाली. "पण तुम्ही म्हणालात रेषेवर आहे, म्हणून मी पोरीला घ्यायला गेले."

त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं. त्या पेटीवर ठकीशेजारी बसल्या. ठकीने शेंगदाण्यांची पुडी पुढे केली. बाईंनी एक दाणा घेतला आणि हातातच धरून ठेवला.

चाक गार झाल्यावर मिस्त्रीने जॅक लावला, डावं चाक काढलं, आणि आतून दोन पातळ पत्रे बाहेर काढले. एकावर नखाएवढासुद्धा थर उरला नव्हता. पत्र्यावर चकचकीत ओरखडे होते. चाकामागच्या लोखंडी चकतीवरही, गोल गोल.

"हे बघा. नवीन बघा." त्याने खोक्यातला जाड पॅड शेजारी धरला. "एवढा असतो. पाव राहिला की बदलायचा. दर दहा हजार किलोमीटरला चाक काढून बघायचं, बस्स. वरून डबीत बघून हे कळत नाही."

बाईंनी डायरी काढली. मग सुनेकडे बघितलं आणि मिस्त्रीला म्हणाल्या, "हे मला नाही, हिला सांगा. मी नुसतं लिहिते."

"दोघींना सांगतो. आता एक गंमत बघा." नवे पॅड बसवण्याआधी दट्ट्या मागे ढकलावा लागणार होता. त्याने बॉनेट उघडलं, हातमोजा चढवला, डबीचं झाकण काढलं आणि खिशातून मोठी प्लास्टिकची पिचकारी काढली. "दट्ट्या आत गेला, की खालचं तेल वर येतं. डबी काठोकाठ असेल तर सगळं बाहेर सांडतं, गाडीचा रंग खातं. म्हणून आधी काढून घ्यायचं."

त्याने पिचकारी भरून तेल एका रिकाम्या बाटलीत सोडलं. नंतर दट्ट्या ढकलला. पातळी पुन्हा वर आली. पुन्हा पिचकारी. दुसरं चाक, पुन्हा दट्ट्या, पुन्हा पिचकारी. तपकिरी, गढूळ तेल. चार पिचकाऱ्या. बाई त्या बाटलीकडे बघत होत्या. तीन वर्षांचे शनिवार होते ते, एकेक करून आत घातलेले, आता एकदम परत आलेले.

"एवढं?" सून म्हणाली.

"एवढं," बाई म्हणाल्या.

खाली येताना मिस्त्रीने निळी गाडी स्वतः चालवली, पहिल्या-दुसऱ्या गिअरात, आणि सून टेम्पो घेऊन मागे. तिला टेम्पो चालवता येतो हे बाईंना माहीत नव्हतं. ठकी आणि त्या तिच्या शेजारी दाटीवाटीने बसल्या होत्या. प्रत्येक वळणाआधी बाईंचा उजवा पाय आपोआप फळीवर दाबला जात होता.

"आई, तिथे ब्रेक नाहीये," सून समोर बघत म्हणाली.

"माहीत आहे."

थोड्या वेळाने पाय पुन्हा दाबला गेला. ठकी खो खो हसली. सुनेच्या ओठांचा कोपरा किंचित हलला, तेवढंच.

गाडी दोन दिवस गॅरेजमध्ये राहणार होती. सगळं तेल बदलायचं होतं, चकत्या घासायच्या होत्या, मागचे ब्रेकही उघडून बघायचे होते. सून सामान घेताना गाडीत वाकली आणि कप्प्याच्या झाकणावरची यादी काढून घेऊन आली. घरी आल्यावर तिने ती शिवणाच्या मशीनवर पसरली. कपड्यांवर खुणा करायच्या निळ्या खडूने चौथं कलम खोडलं. नवव्या कलमाखाली तिरप्या, समासाबाहेर जाणाऱ्या अक्षरात लिहिलं, 'आवाज आला की त्याच दिवशी मिस्त्री.' ब्रेक ऑइलच्या कलमासमोर ती थांबली. खडू सासूपुढे केला.

बाईंनी 'भरणे' खोडून 'फक्त पाहणे' लिहिलं. खडूने त्यांचं अक्षर नीट येत नव्हतं. खडू त्यांनी सुनेला परत दिला.

"त्या बावीस तारखेला," त्या म्हणाल्या, "तू आणखी काही म्हणाली होतीस का? मी लिहिलं नसेल असं?"

सुनेने दोरा ओवता ओवता विचार केला. "म्हणाले होते, उजवीकडे कमी येतो, डावीकडे जास्त."

बाई आतल्या खोलीत गेल्या. मार्चचं पान काढलं आणि त्या नोंदीखाली, उरलेल्या चिंचोळ्या जागेत, आजची तारीख घालून सुनेचं ते वाक्य लिहिलं. मग आजचं पान उघडलं. सकाळच्या नोंदीखाली त्यांनी लिहिलं, 'दोघी ३.२० ला घरी. गाडी गॅरेजमध्ये. तीन वर्षे चुकीचे भरले.' बाहेर ठकी पेट्या उघडून मळके कपडे न्हाणीघरात फेकत होती, मोज्यांना कसला वास येतोय हे आईला ओरडून सांगत होती, आणि मशीन चालू होतं. बाईंनी थोडा वेळ ऐकलं. सुईचा आवाज चांगला होता की वाईट, हे त्यांना काही कळलं नाही. त्यांनी डायरी मिटली, न्हाणीघरात जाऊन पदर खोचला, आणि हात कोरडे झाल्यावर संध्याकाळी शेवटची ओळ लिहिली:

ठकीचे वसतिगृहातले कपडे दोन बादल्यांत भिजत घातले. साबणाची एकच वडी उरली आहे.